सेफ्टी पिनच्या आधीचा विद्रोह

लंडनमध्ये १९७६ साली मार्क पेरीने ‘स्निफिन ग्लू’ हे पंकचं नियतकालिक टाइप करून, झेरॉक्स काढून वाटलं. फाटक्या टी-शर्टला सेफ्टी पिना, गिटारवर मोजके सूर आणि छापायला कुणाची परवानगी नाही! पण मराठी तरुणांनी त्याआधी, साठच्या दशकातच पदरमोड करून सायक्लोस्टाइलवर लघुअनियतकालिकं काढली होती. १९७२ मध्ये दलित तरुणांची लढाऊ संघटना दलित पँथर उभी राहिली. तिचे एक संस्थापक नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाने मुंबईच्या कामाठीपुऱ्याची बोली कवितेत आणली. माझ्या मते हा विद्रोह पंकहून कितीतरी खोल, कारण इथे जीव पणाला होता. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी.