संग्रहालयाची पहिली गरज : नोंदवही

गावोगावी हौसेने संग्रहालये निघतात. इमारतीला देणगी मिळते, कोनशिलेवर नाव कोरले जाते. नित्याच्या खर्चाला मात्र कोणी वाली उरत नाही. छोट्या संग्रहालयांचे खरे दुखणे हेच होय.

दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमविलेला आपला पुण्यातील संग्रह १९७५ साली राज्य शासनाच्या स्वाधीन केला. त्यातील हजारो वस्तूंपैकी थोड्याच एका वेळी मांडता येतात. म्हणजेच संग्रहालयाचे बरेचसे कार्य प्रेक्षकांच्या दृष्टीआड चालते, आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम तेथेच पडते.

अल्प खर्चात होण्याजोगे पहिले काम नोंदवहीचे. प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा. ती कोणी, केव्हा व कोणत्या अटीवर दिली ते लिहावे. मोजमाप व छायाचित्र जोडावे. नोंदीवाचून जुनी समई केवळ पितळ ठरते. चोरीस गेल्यास ती आपली होती हे सिद्ध करणेही कठीण. वहीची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी.

दुसरे काम प्रकाशाचे. उडालेला रंग परत येत नाही. कागद व वस्त्रे यांवर सुमारे ५० लक्सहून अधिक उजेड नसावा, हा रूढ दंडक आहे. जाड पडदे लावून व वस्तू आलटून-पालटून मांडून त्याच्या जवळपास जाता येते.

देणगीदारांनी नवे दालन बांधण्याऐवजी एका लेखनिकाचे वर्षाचे वेतन द्यावे. त्यांचे नाव कोनशिलेवर येणार नाही. संग्रह मात्र पुढील पिढीच्या हाती शाबूत पडेल.