आधी भिंती, मग मशीन

धामणगाव बढेत माझं साउंड-मंडपाचं दुकान आहे. लग्न, जयंती, गणपती, सप्ताह, वर्षभर काही ना काही चालूच. त्यातही कीर्तनाचा माइक लावणं माझ्या आवडीचं काम. म्हणूनच असेल, मलकापूरकडच्या एका चर्चचे पाळक दुकानात आले आणि म्हणाले, "भाऊ, आमचा साउंड बदलायचाय. किती वॅटचा घेऊ?" मी म्हटलं, "पाळकसाहेब, वॅटचं मागून बघू. मागच्या बाकावरच्या आजीला वचन कळतं का, ते सांगा." ते जरा थांबले. "आवाज येतो," म्हणाले. "शब्द नाही येत."

दुखणं तिथंच होतं. आपल्या पट्ट्यात, मलकापूर, खामगाव, अकोला इकडं, अलायन्स मिशनची जुनी चर्चं आहेत. नवीही पुष्कळ झाली. जुन्यांना उंच छत आणि जाड भिंती, नव्यांना वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी. आवाज दोन्हींत घुमतो. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवायची आणि ती विरायला किती वेळ लागतो ते ऐकायचं. सेकंदाच्या आत विरली तर बोलणं स्वच्छ कळेल. दोन-अडीच सेकंद रेंगाळली, तर पहिला शब्द छताखाली फिरत असतानाच दुसरा त्यावर येऊन पडतो. अशा ठिकाणी मशीन मोठं केलं की बोलण्यासोबत घुमणंही तेवढंच मोठं होतं. वॅट वाढवून हे दुखणं जात नाही.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. 1895 साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या फॉग संग्रहालयातल्या व्याख्यानगृहात बोललेलं कोणाला कळेना. आवाज साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सॅबाईन नावाच्या तरुण प्राध्यापकाला त्या कामाला लावलं. हा गडी रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा, ती बंद केल्यावर आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचा, आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. खोली केवढी आणि तिच्यात आवाज पिणाऱ्या वस्तू किती, यावर घुमणं ठरतं, हे त्यातून निघालं. माणसंही आवाज पितात. म्हणून शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये सेटिंग करून बिल घेऊन जाणाऱ्याचं काम रविवारी भरल्या उपासनेत बिघडलेलं वाटतं. सेटिंग मंडळी बसलेली असतानाच करायचं.

तेव्हा पहिला खर्च सांगितला तो मागच्या भिंतीला जाड, चुण्यांचे पडदे आणि मधल्या वाटेला सतरंजी. पंचमंडळ हिरमुसलं. पडद्याचा फोटो कोण काढणार?

स्पीकरचं म्हणाल तर डीजेचे टॉप-बेस चर्चमध्ये नकोत. उभे, अरुंद कॉलम घ्यावेत. त्यांचा आवाज आडवा पसरतो, वर-खाली कमी जातो, म्हणजे छतावर कमी आदळतो. बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून जाईल इतक्या उंचीवर, किंचित खाली झुकवून आणि माइकच्या पुढच्या बाजूला लावायचे. स्पीकर माइकच्या मागे गेला की शिट्टी ठरलेली. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणून लांब हॉलमध्ये पुढचे फोडत बसण्यापेक्षा मध्ये आणखी एक छोटी जोडी लावावी. मात्र आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर चालतो. सतरा मीटर मागचा स्पीकर तारेतून आधीच बोलून मोकळा होतो आणि पुढचा आवाज सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा पोचतो. एकच शब्द दोनदा ऐकल्यासारखा होतो. मागच्या जोडीला तेवढा डिले द्यावाच लागतो.

माइक कमी आणि तोंडाजवळ. चालू माइक दुप्पट झाले की शिट्टीपासूनची सूट तीन डेसिबलने घटते. पेटी, ढोलकी, गाणारी सहा जणं, प्रत्येकाला माइक दिला तर मिक्सरवाल्याचं डोकं फिरेल. आणि इकोचं बटण, ते माझ्या हातात असतं तर मी त्यावर चिकटपट्टी लावली असती. ना. वा. टिळकांनी (1861–1919) ख्रिस्ती उपासनेत मराठी भजन-कीर्तनाचा बाज आणला. त्या गीतांत शब्दच तर धन आहे, ते इकोत कशाला बुडवायचं? आमच्या सप्ताहातल्या बुवांनाही मी हेच सांगतो.

बाहेर कर्णा लावू का, असंही पाळकांनी विचारलं. मी नको म्हटलं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा बाहेर लाउडस्पीकर बंद आहे. वस्तीतली मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. मद्रासच्या एका चर्चचंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. 30 ऑगस्ट 2000 ला न्यायालयाने सांगितलं, दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. मंदिरवाल्यांनाही मी याच निकालाचा दाखला देतो.

गीतांचे शब्द दाखवायच्या स्क्रीनचं काम शेवटी. रविवारी सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आलं की स्वस्त प्रोजेक्टर फिका पडतो. त्याऐवजी टीव्ही बरा, पण 55 इंची टीव्हीची उंची जेमतेम 68 सेंटिमीटर. पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत मजकूर धड वाचता येतो, म्हणजे चार मीटर. पुढे मधल्या खांबांवर आणखी टीव्ही लागतील. एका वेळी चार-सहा ओळी, जाड देवनागरी अक्षर, आणि युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं गीत दुसऱ्या लॅपटॉपवर उघडलं की नुसती चिन्हं दिसतात आणि मंडळी एकमेकांकडे बघत राहते. विजेचं म्हणाल तर मिक्सर आणि अँप्लिफायर एकाच पॉइंटवरून, पक्क्या अर्थिंगसह. नाहीतर घूं-घूं आवाज सुटतो आणि सगळे माइकला दोष देतात. लाइट गेल्यावर निदान माइक चालू राहील एवढा इन्व्हर्टर.

पाळकांना पटलं. पण पैसे देणाऱ्या एका भाऊंना दोन मोठे बेसच हवेत, छाती हलली पाहिजे म्हणतात. दोन्ही कोटेशन मी लिहून दिली आहेत. पंचांची बैठक अजून व्हायची आहे.