संशोधनाची माहिती : कुठे ठेवायची, कोणाला दाखवायची?



डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या कृती संशोधन प्रकल्पासाठी सहावी-नववीची मुलं प्रश्नावली घेऊन सोसायट्यांमध्ये फिरतात. कचरा वेगळा करता का, पाणी किती लागतं, घरात कोणाला दमा आहे का? उत्तरं गुगल फॉर्ममध्ये भरली जातात आणि शीटची लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते. त्या शीटमध्ये नाव, फ्लॅट नंबर आणि मोबाइल असतो. कोपऱ्यात ‘लिंक असलेल्या कोणालाही’ अशी सेटिंग असेल, तर ती लिंक पुढे जाईल तिथे शेजाऱ्यांचा दमाही जातो.

मोठे संशोधक हे कसं सांभाळतात? त्याचं उदाहरण आपल्या घाटकोपरपासून जवळच आहे. गोवंडी-देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम हीच संस्था पाहते. पहिली फेरी १९९२-९३ ची. पाचव्या फेरीत (२०१९-२१) सुमारे ६ लाख ३६ हजार घरांची माहिती घेतली गेली. मुलांचं वजन-उंची, रक्तातलं हिमोग्लोबिन, अगदी घरात होणारी मारहाणसुद्धा. असं उत्तर बाई कोणाच्या भरवशावर देते, विचार करा.

म्हणून इथे एकच कुलूप नाही. अहवाल आणि जिल्ह्यांचे तक्ते कोणीही वाचावेत. घरनिहाय नोंदी हव्या असतील तर नाव नोंदवून कोणता अभ्यास करणार ते लिहून द्यावं लागतं, आणि मिळालेली फाइल परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. या नोंदींत नावं नसतातच. वस्तीचं नकाशावरचं ठिकाण हवं असेल तर त्याची मागणी वेगळी, आणि ते ठिकाणही मुद्दाम हलवलेलं असतं : शहरात २ किलोमीटरपर्यंत, खेड्यात साधारण ५ पर्यंत. घाटकोपर स्टेशनजवळची वस्ती असल्फ्याकडे सरकलेली दिसेल. अभ्यासाला तेवढं चालतं, पण घर सापडत नाही. मला तरी ही युक्ती फार आवडते.

आता जागेचं बघू. संशोधकांसाठी मोफत जागा देणारे मंच आहेत. सर्न प्रयोगशाळेतून चालणारा झेनोडो एका नोंदीला ५० जीबी देतो. ओपन सायन्स फ्रेमवर्क खुल्या प्रकल्पाला ५० जीबी देतं, खासगीला मात्र ५. फरक का? माहिती शेवटी खुली व्हावी हाच त्यांचा हेतू. आपल्या दोनशे उत्तरांच्या शीटला काही एमबीदेखील लागत नाहीत, तेव्हा जीबीच्या आकड्यांना भुलू नका. खरा प्रश्न, खातं कोणाचं? बाईंच्या वैयक्तिक खात्यात शीट असेल आणि बाईंची बदली झाली, तर शीटही गेली. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल काढून टाकू शकतं.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. या सर्वेक्षणाच्या घरनिहाय फाइल्स अमेरिकी मदतीवर चालणाऱ्या डीएचएस कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून मिळत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती मदत थांबली आणि नव्या अर्जदारांचं काम अडलं. माहिती आपल्या घरांची, दार मात्र दुसऱ्याचं!

तर प्रकल्पासाठी दोन शीट करा. एकीत क्रमांक आणि नाव-पत्ता. ती फक्त मार्गदर्शक शिक्षकांकडे, ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवून. दुसरीत क्रमांक आणि उत्तरं. ती गटातल्या मुलांना, ईमेल टाकून. ‘व्ह्यूअर’ केलं तरी फाइल डाउनलोड करता येते, तो पर्याय सेटिंगमध्ये जाऊन बंद करावा लागतो. उत्तर देणारा १८ वर्षांखालचा असेल तर पालकांची संमती आधी घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही तेच सांगतो. पालकांनीही ‘यादी कोणाकडे राहणार?’ असं विचारायला संकोच करू नये.

प्रकल्प सादर झाला की नावांची शीट पुसून टाका. उत्तरांची शीट शाळेच्या खात्यावर ठेवा. पुढच्या वर्षीची मुलं त्याच सोसायटीत गेली, तर कचरा वेगळा करणारी घरं वाढली की घटली, हे त्यांना ताडून पाहता येईल.