बॅटिंग ग्लोव्हज घेताना



आपले इंदूर सी. के. नायडूंचे. होळकर संघाने 1945-46 ते 1952-53 या काळात 4 वेळा रणजी करंडक जिंकला. तेव्हा मुलांनी बॅट मागावी, यात नवल नाही. पण बॅट नवी येते आणि ग्लोव्हज मोठ्या भावाचे चालवून घेतात, याची आम्हाला काळजी वाटते. लेदर बॉल सुमारे 160 ग्रॅमचा असतो. बोटावर बसला, तर परीक्षेत पेन धरता येत नाही.

महागडी जोडीच हवी असे नाही. मुलाला दुकानात सोबत न्यावे, दोन्ही ग्लोव्हज घालून बॅट धरायला लावावी. बोटे टोकापर्यंत पोहोचावीत, मूठ सहज मिटावी. अंगठ्यावरचे कवच दाबून पाहावे. रेक्झिनचा तळवा घामाने घसरतो. स्वस्तात सुती तळवा बरा. डावखुऱ्या फलंदाजाची जोडी वेगळी मिळते. ‘पुढच्या वर्षी होतील’ म्हणून मोठे घेऊ नयेत.

आत पातळ सुती मोजे घालावेत. खेळानंतर ग्लोव्हज सावलीत वाळवावेत. उन्हात चामडे कडक होते. नुसत्या टेनिस बॉलने खेळणाऱ्यांनी हा खर्च सध्या केला नाही तरी चालेल.

शंका असल्यास क्रीडाशिक्षकांना अवश्य भेटावे.