इमारत टिकली, बँक बुडाली

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ओवाटोना हे शेतीवर जगणारे छोटे शहर. तेथील नॅशनल फार्मर्स बँकेने १९०८ साली वास्तुशिल्पी लुई सलिव्हन यांच्याकडून नवी इमारत बांधून घेतली. लाल विटांची जणू भक्कम पेटीच. दोन बाजूंना रंगीत काचांच्या भव्य मेहराबी, आत भिंतीवर गाईंचे चित्र. गिऱ्हाईक शेतकरी, म्हणून सजावटही त्याच्याच दुनियेची. पुढे शेतमालाचे भाव कोसळले, कर्जे थकली आणि १९२६ साली बँक बुडाली. इमारत आजही उभी आहे. आम्ही कापडवाले दुकानाच्या दर्शनी भागावर हौसेने खर्च करतो, जरूर करावा. पण सारी उधारी एकाच धंद्यात अडकू देऊ नये. लोकांची अमानत भिंती नव्हे, हिशेब सांभाळतो.