औषध सरकारचं, जेवण दात्याचं
(लेखमाला : आरोग्याचं राजकारण – लेखांक ७)

क्षयरोगाच्या गोळ्या वजनाप्रमाणे देतात. चार औषधं एकत्र केलेली ही गोळी रोज किती घ्यायची, याचा तक्ता राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत दिला आहे. ३५ ते ४९ किलो वजनाच्या रुग्णाला ३ गोळ्या, ५० ते ६४ किलोला ४, त्याहून जास्त असेल तर ५ किंवा अधिक. यातली पहिली ओळ मात्र थबकायला लावते : २५ ते ३४ किलो, २ गोळ्या. हा मुलांचा तक्ता नव्हे, मुलांचा वेगळा असतो. पूर्ण वाढलेला माणूस २५ किलोचा असू शकतो हे आपल्या आरोग्ययंत्रणेनं गृहीत धरलंय, त्यासाठी रकाना आखून ठेवलाय. आणि तिचं चुकलेलं नाही, तशी माणसं तिच्या दारात येतात.

मागच्या लेखांकात आपण सरकारी विमा योजना पाहिल्या. रुग्णालयात भरती झालात तर त्या उपयोगी पडतात, बाहेरच्या गोळ्या-तपासण्यांचा खर्च खिशातूनच जातो. क्षयाचं उदाहरण उलट आहे. इथे तपासणी फुकट, औषध फुकट, आशाताई घरी येऊन चौकशी करणार. मध्ये खंड पडतो हे खरं. २०२४ च्या मार्च महिन्यात गोळ्यांचा साठा आटला आणि केंद्रानं राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितलं. पण तत्त्व म्हणून, क्षयाचं औषध देणं ही सरकारची जबाबदारी आहे हे कोणी नाकारत नाही. वाद त्याच्या पुढे सुरू होतो, म्हणजे ताटाशी.

औषध नव्हतं तेव्हा ताटच औषध होतं. डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ मध्ये पुण्यात क्षयानं गेल्या, तेव्हा रॉबर्ट कोखनं जंतू शोधून जेमतेम पाच वर्षं झाली होती; स्ट्रेप्टोमायसिन यायला अजून अर्धशतकाहून जास्त काळ होता. मधल्या काळात डॉक्टरांच्या हातात होतं ते हवा, विश्रांती, दूध, अंडी. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं आरोग्यधाम त्याच विचारातून उभं राहिलं. इंग्लंडमध्ये तर क्षयाचे मृत्यू औषध येण्याच्या कितीतरी आधीपासून घटत आले होते. ते पोट भरू लागल्यामुळे घटले असं वैद्यक-इतिहासाचे अभ्यासक टॉमस मॅककिऑन यांचं म्हणणं. पुढे इतिहासकार सायमन श्रेटर यांनी त्यांना हरकत घेतली : नुसती मजुरी वाढून हे होत नाही, नगरपालिकांनी भांडून गटारं, पाणी, घरं सुधारली त्याचं श्रेय कुठे गेलं? वाद अजून मिटलेला नाही. पण दोघांच्याही मांडणीत डॉक्टर नायक नाही, हे लक्षात घ्यावं.

मग १९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. आजही जगभरच्या क्षय-कार्यक्रमांचा पाया म्हणून त्याचा दाखला देतात. रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये : खाट, विश्रांती, चांगला आहार. दुसरा घरीच : दाटीवाटीची वस्ती, काम चालू, जेवण निकृष्ट. औषधं दोघांना तीच, वर्षभर. घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले. निष्कर्ष क्रांतिकारक होता. लाखो रुग्णांसाठी खाटा बांधायची गरज नाही, गोळ्या घरपोच द्या. गरीब देशाला हे परवडणारं होतं आणि त्यातून असंख्य जीव वाचले, त्यात शंका नाही.

पण प्रयोगानं विचारलेला प्रश्न मर्यादित होता : औषध सुरू असताना माणूस बरा होतो का? कार्यक्रमानं त्यातून काढलेला अर्थ मात्र ऐसपैस होता : आहाराचं फारसं काही नाही. बरं होणं वेगळं आणि रोग मुळात न होणं वेगळं, हा फरक त्यात वाहून गेला. पुढची कित्येक वर्षं क्षयाच्या सरकारी कागदांत जेवण हा ‘सकस आहार घ्यावा’ असा एका ओळीचा उपदेश बनून राहिला. ज्याच्या घरात डाळ आठवड्यातून एकदा शिजते त्याला हा उपदेश करणं म्हणजे थट्टाच.

ताट परत आणलं ते डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी. त्यांच्या गटानं झारखंडच्या ४ जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात केलेला अभ्यास ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातले १०,३४५ जण. सगळ्या रुग्णांना दरमहा शिधा दिला : तांदूळ, तूरडाळ, दूध पावडर, तेल आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. निम्म्या भागांत त्यांच्या घरच्यांनाही दिला, माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. यात काही जादूचं चूर्ण नाही, परदेशी पाकीट नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळणारा माल. ज्यांच्या घरी हा शिधा गेला, त्या कुटुंबांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळलं. ज्यातून दुसऱ्याला लागण होते त्या फुप्फुसाच्या, प्रयोगशाळेत जंतू सापडलेल्या क्षयात तर घट ४८ टक्के. एखाद्या लसीनं हे करून दाखवलं असतं तर कंपनीचा शेअर वधारला असता.

रुग्णांबद्दलचा निष्कर्षही तितकाच बोलका आहे. उपचार सुरू झाले तेव्हा पाचांतल्या चौघांचं वजन उंचीच्या मानानं कमी होतं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४० किलोच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे दोन किलो.

अनुभवी क्षेत्रकार्यकर्त्यांना यात नवल वाटलं नसेल. उपाशीपोटी या गोळ्या घेतल्या की मळमळतं, उलटी होते. मग एक दिवस गोळी चुकते, मग आठवडा. त्याला आपण ‘रुग्ण उपचार सोडतो’ म्हणतो आणि रजिस्टरात तशी नोंद करतो. १९६३ मध्ये देबब्रत बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन या संशोधकांची आजच्या कर्नाटकातल्या तुमकुर जिल्ह्यातली पाहणी प्रसिद्ध झाली होती. थुंकीत जंतू असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक आपणहून दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. लोक अडाणी आहेत, येत नाहीत, हा समज तेव्हाच खोटा ठरला होता. तरी आजही जनजागृतीच्या फलकांवर होणाऱ्या खर्चाला सीमा नाही.

सरकारनं अगदीच काही केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये येत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. कमी वजनाच्या रुग्णांसाठी सुरुवातीचे दोन महिने पूरक आहाराची घोषणाही झाली. हजार रुपये म्हणजे दिवसाला ३३ रुपये. तेही खातं हवं, आधार जोडलेलं हवं, नाव जुळायला हवं. ऊसतोडीला गेलेल्याचं, बांधकामावर फिरणाऱ्याचं काय? शिवाय हे पैसे एकट्या रुग्णाचे. ते हजार रुपये घरात आले की अख्ख्या घराचे होतात, आणि तसं होणं काही गैर नाही. लेकरांना कोरडं वाढून आई आपल्या ताटात अंडं घेईल, ही अपेक्षा फक्त योजनेच्या कागदावर टिकते.

घरच्यांच्या जेवणाची जबाबदारी मग कोणावर टाकली? दात्यावर. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते ‘प्रधानमंत्री टीबी मुक्त भारत अभियान’ सुरू झालं. त्यात कोणीही, म्हणजे व्यक्ती, कंपनी, संस्था, आमदार, ‘निक्षय मित्र’ होऊन रुग्णाला दत्तक घेऊ शकतो आणि महिन्याला धान्याचं किट देऊ शकतो. पुढे २०२४ मध्ये कुटुंबीयांनाही याच दात्यांच्या किटमध्ये घेतलं. अभियानाच्या नावात पंतप्रधान आहेत, खर्चाच्या रकान्यात मात्र लायन्स क्लब आणि कंपन्यांचा सीएसआर.

देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. अनेकांनी मनापासून दिलं, अजून देतात. माझा आक्षेप व्यवस्थेवर आहे. दाता शहरात जास्त, रुग्ण डोंगरात जास्त. दाता मार्चअखेर उत्साहात, जूनमध्ये गप्प. किट आलं नाही तर कोणाकडे तक्रार करायची? गोळी मिळाली नाही तर रुग्ण केंद्रावर भांडू शकतो, कारण ती त्याची आहे. किटसाठी भांडला तर तो कृतघ्न ठरतो. आणि किटवाटपाचे फोटो! ज्या रोगाचं नाव शेजाऱ्याला कळू नये म्हणून माणसं दोन गावं ओलांडून तपासायला जातात, ज्यापायी पोरींची लग्नं मोडतात, त्याचे रुग्ण हातात पिशवी घेऊन पाहुण्यांशेजारी उभे केलेले स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येतात. याच महाराष्ट्रात शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचंही असंच झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या अंड्याचा निधी जानेवारी २०२५ मध्ये थांबवला. द्यायचंच असेल तर शाळांनी लोकसहभागातून द्यावं म्हणे. लोकसहभाग हा शब्द हल्ली अंदाजपत्रकाच्या कात्रीसारखा वापरला जातो.

क्षयाचं दुसरं मूळ घरात आहे, आणि तिथे सरकार नुसतं अनुपस्थित नाही, हजर राहून रोग बांधतं. मुंबईत गोवंडी-मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती आहेत. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत ज्यांच्या झोपड्या गेल्या त्यांना इथे २२५ चौरस फुटांची पक्की घरं मिळाली. दोन इमारतींत अंतर साधारण ३ मीटर. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. खिडकी उघडली तर खालच्या गल्लीतला कचरा आणि घाण, म्हणून ती बंदच. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या मंडळींनी या वसाहतींची पाहणी केली. ती २०१८ मध्ये बाहेर आली. या दोन्ही ठिकाणी साधारण दर दहा घरांत एक क्षयाचं घर निघालं. जवळच्याच पीएमजीपी वसाहतीत, जिथे इमारतींमध्ये मोकळी जागा आहे, ते प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास. परिसर तोच, माणसं त्याच थरातली. फरक हवेचा आणि उजेडाचा. आणि हवा-उजेड इथे नशिबानं ठरत नाहीत. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी विकास नियंत्रण नियमावलीत मोकळ्या जागेच्या अटी सैल केल्या, तिथे ते ठरलं. मोकळ्या जागेचा तो निर्णय नगरविकास खात्याचा, त्यातून होणारा खोकला आरोग्य खात्याचा, आणि दोन्ही खात्यांच्या फायली एकमेकींना कधी भेटत नाहीत.

पंतप्रधानांनी २०१८ मध्ये दिल्लीत जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत भारत क्षयमुक्त होईल, जगाच्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. २०१५ च्या तुलनेत नव्या रुग्णांचं प्रमाण ८० टक्क्यांनी खाली आणायचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ते लाखामागे २३७ वरून २०२४ मध्ये १८७ वर आलं, म्हणजे २१ टक्के. जगाच्या सरासरीपेक्षा ही घट चांगली आहे हेही खरं. यंत्रं आली : गोव्याच्या कंपनीनं बनवलेलं ट्रूनॅट आता तालुक्याच्या ठिकाणी तासा-दोन तासांत निदान करतं. फिरते एक्स-रे आले. पण निदान आणि गोळी यांनी जेवढं होणार तेवढं होतंय. उरलेलं ताटात आणि खिडकीत अडकलं आहे.

औषधाच्या बाबतीत रुग्णांनी काय करून दाखवलं ते पाहण्यासारखं आहे. बेडाक्विलीन हे बिकट क्षयावरचं औषध. त्याच्या क्षाररूपावर वेगळं पेटंट मिळवून मक्तेदारी वाढवायचा मूळ कंपनीचा प्रयत्न होता. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये त्याला हरकत घेतली. जुन्या विषारी इंजेक्शनांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला. त्या जिंकल्या, कारण आपल्या पेटंट कायद्यात जुन्याच औषधाच्या नुसत्या नव्या रूपाला पेटंट नाकारणारं ३(ड) हे कलम आहे आणि रुग्णाला हरकत घ्यायचा हक्क आहे. कायद्याचा आधार असला की एखादी पत्रकार बलाढ्य कंपनीला अडवू शकते.

अन्नाचाही कायदा आपल्याकडे आहे, २०१३ चा. त्यात माणशी ५ किलो धान्य आहे. गरोदर आणि स्तनदा मातांसाठी वेगळी तरतूद आहे, सहा महिन्यांपासून १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, कुपोषित मुलांसाठी आहे. क्षयाचा रुग्ण त्यात कुठेच नाही, त्याचं घर तर नाहीच. डाळ नाही, तेल नाही. नेमक्या याच दोन वस्तू झारखंडच्या शिध्यात होत्या. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही : रुग्णाची नोंद सरकारच्या निक्षय पोर्टलवर आहे, गावात रेशन दुकान आहे. औषध सुरू झाल्या दिवसापासून त्या घराच्या कार्डावर माणशी दीड किलो डाळ आणि तेल चढवायचं, एवढी कायदादुरुस्ती.

अर्थात त्यासाठी आधी कार्ड हवं. रेशनचा कोटा अजून २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्यानंतर जन्मलेले, लग्न होऊन आलेले, शहरात स्थलांतर केलेले कितीतरी जण यादीबाहेर आहेत. ती यादी कशी बनते आणि कोणाला वगळते, ते पुढच्या आठवड्यात.