'जी' गळला आणि पाणी अडलं

गेल्या आषाढात पावसाने दडी मारली होती. धानाचे पऱ्हे रोवण्याजोगे झाले, पण शहापुरातली आमची बांधी कोरडीच. एका सकाळी पाहतो तर वरच्या बांधीतलं पाणी आमच्याकडे उतरलेलं. वरची बांधी चुलत भावाची. माझ्याहून बरेच मोठे. मोटर लावायचा खर्च वाचला म्हणून मी आनंदाने घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'भाऊ, तुमच्या बांधीतील पाणी आमच्या बांधीत आले आहे.' उत्तर आलं, 'ठीक आहे.' संध्याकाळी दोन बांधींमधल्या धुऱ्याचं तोंड मातीने बुजवलेलं होतं.

तीन दिवस बोलणं नाही. चौथ्या दिवशी धुऱ्यावरच गाठ पडली. मी म्हटलं, 'पानी आलं होतं, बरं झालं होतं ना जी!' भाऊ पाहतच राहिले. 'मंग तसं लिहाचं होतं ना जी. मले वाटलं, तलाठ्याकडे अर्जच करतो का काय!'

खरंच, माझं वाक्य अर्जातलंच होतं. आम्ही बोलतो पूर्व विदर्भातली झाडीबोली, जिच्या अभ्यासाला साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य दिलं. हो जी, का जी, नाही जी. त्या एका 'जी'त मान असतो, मायाही असते. मोबाईल हातात आला की मात्र आम्ही शाळेतली मराठी लिहितो. ती आम्हाला भेटलेली असते नोटिशीत, दाखल्यात. मग आपल्याच माणसाचा निरोप साहेबाचा वाटतो.

लिहिणाऱ्याला हे कळत का नाही? अमेरिकेत जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही वाक्यं मनापासूनची, काही उपरोधाची; ती ईमेलने किंवा आवाजात पोचवायची. लिहिणाऱ्यांना वाटत होतं, समोरचा 78 टक्के वेळा बरोबर ओळखेल. ईमेल वाचणाऱ्यांनी ओळखलं 56 टक्के. नुसता छापा-काटा केला तरी 50 येतात! तीच वाक्यं आवाजात ऐकणाऱ्यांनी 73 टक्के ओळखली. लिहिताना आपला सूर आपल्या कानात वाजत असतो, म्हणून तो अक्षरांतही उतरला असं वाटतं. माझ्या कानात तर तो 'जी' स्पष्ट होता.

भावांनी त्याच दुपारी फावड्याने धुरा मोकळा केला. आता मी ग्रुपवर बोलतो तसंच लिहितो. परवा लिहिलं, 'भाऊ, पानी उतरलं जी आमच्याकडं.' लगेच उत्तर आलं, 'येऊ दे जी. चहा ठेव, येतो.'